ओडमारच्या चार लेव्हल

आर्डिस टॉलेफ्सनने जन्मात कुणाला पॉइंटभर फॅट वाढवून दिली नाही, असं क्विंबीत म्हणत. ते काही कौतुकानं म्हणत नसत. गावातल्या डेअरीत ती एकोणीस वर्षं दुधाची टेस्टर होती. एका उन्हाळ्यात सख्ख्या भावाच्या, लॉइडच्या दुधाला फॅट कमी लागली, तेव्हा तिने ती कमीच लिहिली. लॉइड डेअरीच्या दारात येऊन म्हणाला, "आकडा तुझ्या हातात होता, आर्डिस."

"माझ्या हातात कसा असेल? दुधात होता."

त्यानंतर नाताळचं कार्ड वहिनीच्या अक्षरात यायला लागलं. पुढे तेही यायचं थांबलं.

लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं वय निघूनही गेलं. पहाटे चारला उठायचं, दुपारी दोनला घरी यायचं, आठला झोपायचं. अशा घड्याळावर चालणाऱ्या बाईला गावातल्या बातम्या कळत नाहीत. लोक संध्याकाळी भेटतात, शुक्रवारी मासे खायला एकत्र जमतात. ती तेव्हा अंथरुणात असायची. तिच्याकडे फक्त रविवार होता, आणि रविवारी दोन ते सहा तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळ असायचा.

खेळ भूमिकांचा. त्या वर्षांत त्या भागात घराघरांतल्या तळघरांतून तो खेळत. रेफरी सांगतो की समोर दरी आहे, दरीत धूर आहे. खेळणारे सांगतात की आपलं पात्र काय करतं. आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पात्राला प्रत्येक मोहिमेतून अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्र एक लेव्हल वर चढतं. रेफरी आर्डिस. बहुतेक रेफरी आपले फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतात आणि वेळ पडली तर आकडा दडपतात, म्हणजे आवडतं माणूस मरत नाही. आर्डिस फासे टेबलाच्या मधोमध टाकायची. सगळ्यांनी बघावं आणि बोलणं संपावं.

खेळणारे तिघे. ड्वेन आणि कॉलीन प्रिबिल हे तिशीतलं जोडपं, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. आणि मर्ल हाउक. मर्ल छप्पन्न वर्षांचा, शाळेची पिवळी बस चालवायचा. बायको जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हा कॉलीनने त्याला पहिल्यांदा ओढून आणलं. आल्यावर तासभर तो कोट न काढता बसला होता. त्याच्या पात्राचं नाव ओडमार, साधा भालाईत. पहिल्या लेव्हलचा ओडमार म्हणजे एका उंदराच्या चाव्यानं आडवा होणारा इसम. सहा वर्षांत मर्लने त्याला नवव्या लेव्हलला नेला. नदीकाठी त्याची गढी झाली, हाताखाली माणसं आली. मर्ल टेबलावर फारसा बोलायचा नाही. पण "ओडमार दारात उभा राहतो" असं तो म्हणाला की ड्वेन आणि कॉलीन निर्धास्त व्हायचे.

एक्क्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी हे तिघे एका जुन्या राजाच्या थडग्यात शिरले. आत समंध होता. त्याची तलवार रक्त काढत नाही. त्याचा स्पर्श झाला की माणसाने जगून मिळवलेलं जातं. एका स्पर्शाला दोन लेव्हल. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं.

"पळा," ड्वेन म्हणाला. "बोगदा अरुंद आहे, एकेकच जाता येईल."

"तुम्ही व्हा पुढे," मर्ल म्हणाला. "ओडमार दारात उभा राहतो."

आर्डिसने समंधाच्या वतीने वीस बाजूंचा फासा टाकला. अठरा. स्पर्श लागला.

"दोन गेल्या," ती म्हणाली.

कॉलीनचं पात्र बाहेर पडलं, ड्वेनचं अर्ध्यात होतं. मर्ल दारातून हलला नाही. आर्डिसने पुन्हा फासा टाकला. तो टेबलावर बराच वेळ फिरला, मर्लच्या कपाला टेकून थांबला. सतरा.

मर्लने ओडमारच्या नोंदींचा कागद ओढून घेतला आणि खोडरबर फिरवायला लागला. नऊचे पाच करायचे होते. जुना कागद, सहा वर्षं घासलेला. तो रबराखाली फाटला आणि जिथे लेव्हल लिहायची तिथे भोक पडलं. मर्लने त्या भोकाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग उठून त्याने भोपळ्याच्या वड्यांचा आपला ट्रे उचलला. वड्या अर्ध्या शिल्लक होत्या.

"मर्ल, अजून पाचही वाजले नाहीत," कॉलीन म्हणाली.

"अंधार पडायच्या आत घरी गेलेलं बरं," तो म्हणाला, आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रिबिल जोडपं आलं, पण त्या दिवशी फासे पिशवीतून बाहेरच निघाले नाहीत.

"एक बोलू का?" ड्वेन म्हणाला. "तुम्ही ते परत फिरवा. सांगा, स्वप्न होतं म्हणून. सांगा, त्या समंधाचा स्पर्श महिनाभराचाच होता. कोण विचारायला येणार आहे?"

"तू विचारशील. पुढच्या वेळी तुझं काही गेलं की विचारशील."

"नाही विचारणार!"

"मग तुझं काही मिळालं तर त्याला काय किंमत राहील, ड्वेन? तुझा तो ड्रॅगन आठव. तो मेला म्हणून तू महिनाभर सगळ्या गावाला सांगत सुटला होतास. मी तो तुझ्या पदरात टाकला असता तर सांगितलं असतंस?"

ड्वेनने कॉफीचा घोट घेतला. कॉलीन मात्र तिच्याकडे रोखून बघत होती.

"आर्डिस, तुम्हाला माहीत नाही का?"

"काय?"

"मर्लची बस काढून घेतली. सप्टेंबरात. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसतच नाही त्याला. चोवीस वर्षं बस चालवली आणि आता शाळेचा हॉल झाडतो. ती मुलं त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या बसमध्ये चढतात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे," ड्वेन म्हणाला. मग आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं.

ती दोघं गेल्यावर आर्डिस तशीच बसून राहिली. पाच रविवार तो माणूस तिच्या टेबलाशी चार-चार तास बसला होता, डोळे गेले तरी तिला दिसलं नव्हतं. आता एकेक आठवायला लागलं. फासा हाताने चाचपून जवळ ओढणं. कागद नाकाजवळ धरणं. अंधाराच्या आत घरी जाणं. आपण आकडे बघत होतो, तिच्या मनात आलं, माणूस कुठे बघत होतो.

तरीही आकडा परत फिरवावा असं तिला वाटलं नाही. या गोष्टीचं तिचं तिलाच नवल वाटलं.

नोव्हेंबरात हार्डवेअरचं दुकान रविवारीही उघडं राहू लागलं, आणि प्रिबिल यायचे थांबले. आर्डिस दोन वाजता कॉफी टाकायची. एवढी कॉफी कुणासाठी, हे किटली भरल्यावर लक्षात यायचं. मग ती टेबलाशी बसून नियमांचं पुस्तक उघडायची आणि डेअरीतल्या जुन्या स्लिपांच्या मागे हिशेब मांडायची.

हिशेब असा होता. पाचव्या लेव्हलला सोळा हजार गुण लागत. सहाव्याला बत्तीस, सातव्याला चौसष्ट, आठव्याला एक लाख अठ्ठावीस, नवव्याला अडीच लाख. म्हणजे चार लेव्हल गेल्या याचा अर्थ निम्मं गेलं असा नव्हता. जवळजवळ सगळंच गेलं होतं. सहा वर्षांतली साडेपाच. पण तीच गोष्ट उलटीकडून पाहिली तर वेगळी दिसत होती. दहाव्या लेव्हलला पाच लाख लागणार. ड्वेन आणि कॉलीनला पुढचे अडीच लाख मिळवायचे. वाटा सगळ्यांचा सारखा, म्हणजे बरोबर चालणाऱ्या ओडमारलाही तेवढेच मिळणार. ते दोघे दहाला पोचतील तेव्हा ओडमार नवावर असेल. फक्त एक पायरी मागे! शिडीच अशी बांधलेली होती की पडणारा जोरात पडायचा आणि लवकर चढायचा. अट एकच. त्याने टेबलाशी येऊन बसलं पाहिजे, आणि सोबत चालणारं कुणी पाहिजे.

हे मर्लला सांगावं म्हणून तिने तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला. डेअरीच्या कामाशिवाय तिने कुणाला फोन केल्याला कितीतरी दिवस झाले होते. सुरुवात कशी करतात तेच सुचेना.

जानेवारीत तळं गोठलं आणि त्यावर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. एका शनिवारी दुपारी आर्डिस बर्फावरून चालत मर्लच्या खोलीशी गेली. दार वाजवलं.

"ये. दार लाव पटकन, ऊब जाते." पावलांचा आवाज ऐकून तो म्हणाला, "तू होय. बस त्या बादलीवर."

आत रॉकेलचा छोटा स्टोव्ह होता, बर्फाला पाडलेलं भोक होतं, आणि भोकात दोरी सोडून मर्ल बसला होता. ती बसली.

"बसचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मी तरी कुठे सांगितलं?"

"माहीत असतं तरी फासा तोच पडला असता."

मर्ल हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला असावा, कारण त्याला खोकला आला. "ते मला ठाऊक आहे गं. ड्वेन आला होता इथं. म्हणाला, ती परत देत नाही. मी म्हटलं, दिल्या असत्या तर मी घेतल्या नसत्या."

"मग येत का नाहीस?"

तो दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिला. "मला एक कळत नाही. मला सांग. ओडमारच्या चार लेव्हल गेल्या. म्हणजे काय गेलं? त्याने पूर आलेली नदी ओलांडली होती, ते त्याच्या ध्यानात आहे का? त्या सालच्या हिवाळ्यात आपण तीन रविवार त्या खिंडीत अडकलो होतो. त्याच्या लेखी ती खिंड झालीच नाही?"

"पुस्तकात नाही लिहिलेलं."

"पुस्तक कोण विचारतंय? रेफरी तू आहेस."

"मला विचार करायला हवा."

"कर की. मी काही कुठे जात नाही. बस गेली माझी."

तिने गुणांचा हिशेब त्याला सांगितला. त्याने नीट ऐकून घेतला. निघताना तिला दोन पर्च मासे कागदात गुंडाळून दिले.

पुढचा आठवडाभर दुधाच्या बाटल्या हलवताना आर्डिस एकाच गोष्टीचा विचार करत होती. विसरला म्हणावं, तर ओडमार सुखी होईल. आपण कधी मोठे होतो हे त्याला कळणारच नाही. सगळं आठवतं म्हणावं, तर गेलं काय? शुक्रवारी तिने फोन उचलला आणि या वेळी खाली ठेवला नाही.

"मर्ल, त्याला सगळं आठवतं. नदी आठवते, खिंड आठवते. भाला कसा फेकायचा तेही आठवतं. पण हात ऐकत नाही. डोकं नवव्या लेव्हलचं आहे, हात पाचव्या."

"हे फार वाईट आहे," मर्ल म्हणाला.

"हो."

"पण बरोबर आहे." मग थोड्या वेळाने, "रविवारी दोनला?"

"दोनला. मी घ्यायला येते."

त्यानंतर दोन वर्षं ते दोघंच खेळले. प्रिबिलना बाळ झालं, ते येणार येणार म्हणायचे आणि यायचे नाहीत. दोघांचा खेळ हा विचित्र प्रकार असतो. मधे थट्टा करायला कुणी नसतं, गप्प बसलं तर ते दोघांनाही ऐकू येतं. ओडमार आपल्या गढीवर परतला, तर माणसं त्याला मालक म्हणत होती आणि सरावात हरवत होती. एका विशीतल्या भालाइताने त्याला तीनदा धुळीत पाडला. आर्डिसने ते फाशाने ठरवलं होतं. मर्लने त्या रविवारी नेहमीपेक्षा दोन कप कॉफी जास्त घेतली, पण पुढच्या आठवड्यात आला. सोबत चालणारं कुणी नव्हतं, म्हणून तो लवकर चढण्याचा हिशेबही चालेना. एकटा माणूस पाचव्या लेव्हलच्या हातांनी जेवढं झेपेल तेवढंच करतो. सहावी लेव्हल यायला सात महिने लागले.

त्या काळात मर्लचे डोळे आणखी गेले. आधी तो फासा तिच्याकडे सरकवायचा, "किती आहे गं?" म्हणून. मग टाकायचाही बंद झाला. त्याचे फासे तीच टाकायची आणि आकडा सांगायची. त्याच्या बाजूने कुणी तपासणारं नव्हतं. वाईट आकडा आला की ती वाईटच सांगायची, आणि तो मान हलवायचा.

एकदा नर्स घरी तपासायला आली असताना तो तिला म्हणाला, "माझे फासे ती टाकते." नर्सला वाटलं, तो काहीतरी बरळतो आहे. त्याने हे आर्डिसला सांगितलं आणि दोघंही पोट धरून हसले. अशी हसण्याची वेळ त्या दोन वर्षांत चार-पाचदाच आली असेल.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये ओडमार आठव्या लेव्हलला होता. डोंगरातल्या एका मठात त्याला एक म्हातारी जोगीण भेटली. समंधाने नेलेली एक लेव्हल ती परत देऊ शकत होती. पण एकाच माणसाला, एकदाच. ही जोगीण आर्डिसने दयेने तिथे बसवली नव्हती. मठात कोण आहे यासाठी तिने फासा टाकला होता, पुस्तकातल्या तक्त्यात बघितलं होतं, आणि मग स्वतःच दोन मिनिटं कपाळाला हात लावून बसली होती.

"घेतोस का?" तिने विचारलं. मनातून तिला वाटत होतं की तो नको म्हणेल. एवढं स्वतःच्या पायांनी चढलेला माणूस शेवटची पायरी कशाला भीक म्हणून घेईल?

"न घ्यायला काय झालं?" मर्ल म्हणाला. "उद्या कुणी माझ्या डोळ्यांवरून हात फिरवायला आलं, तर काय मी त्याला सांगू, थांब बाबा, माझं मी बघून घेतो?"

"मग नववी."

"लिही. मला दिसत नाही, पण मोठ्या अक्षरात लिही."

तिने लिहिलं. तो खुशीत होता. घरी सोडताना गाडीत शीळ वाजवत होता. पण पुढच्या रविवारी ती घ्यायला गेली तेव्हा तो खुर्चीतच बसलेला, पायांत सपाता.

"आज नको," तो म्हणाला. "खरं सांगू का, आर्डिस? ओडमारला आता कुठे जायचं आहे ते मला सुचत नाही. त्याला गढीत बसू दे."

"बसू दे. दहावी पुन्हा केव्हा तरी."

"केव्हा तरी."

मग त्याने सांगितलं की डलूथला राहणारी बहीण न्यायला येतेय. तिच्या घरात खालची खोली रिकामी आहे, पायऱ्या नाहीत. मे महिन्यात जायचं ठरलं आहे. हे गावाला ठाऊक होतं का, असं आर्डिसच्या ओठांवर आलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

मे महिन्यात त्याचं सामान गेलं. मासे धरायची खोली ड्वेनने घेतली. आधी दर रविवारी फोन व्हायचा, पाचच्या आत, तेव्हा दर कमी असतो म्हणून. बोलायला फार काही नसायचं. मर्ल विचारायचा, दुधाला फॅट किती लागतेय सध्या, ती सांगायची. मग महिन्यातून दोनदा झाला, मग बहीणच उचलायची आणि म्हणायची, तो झोपलाय.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आर्डिस पहाटेच निघाली आणि सहा तास गाडी चालवून डलूथला गेली. मर्ल वाळला होता, पण दाढी नीट केलेली होती. बहिणीने दोघांना अंगणात खुर्च्या मांडून दिल्या. समुद्राएवढ्या सरोवराचा वारा थेट अंगावर येत होता. खेळाचा विषय दोघांनीही काढला नाही. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा मर्लने सरोवराकडे बोट केलं, आणि जहाज खरोखर त्याच बाजूला होतं.

"किती मोठं आहे?" त्याने विचारलं.

"खूप मोठं. लाल आहे. खनिज भरायला चाललंय बहुतेक, पाण्याच्या बरंच वर आहे."

"रिकामं असेल."

"रिकामं आहे."

चार वाजता ती निघाली. बहिणीने सँडविच बांधून दिलं होतं. ते तिने वाटेत एका पेट्रोल पंपावर गाडीत बसून खाल्लं. सोमवारी पहाटे चारला उठून ती कामावर गेली. डेअरीत नव्या टेस्टरचं शिकणं चालू होतं. हेलन नावाची मुलगी, सत्तावीस वर्षांची, बोलघेवडी. तिने विचारलं, "रविवारी काय केलंत?"

आर्डिस सांगायला लागली. डलूथ म्हणाली, मित्र म्हणाली, आणि मग कुठून सांगावं ते तिला कळेना. हेलन वाट बघत उभी होती. दुधाचा पहिला टँकर तेवढ्यात आत आला आणि दोघी कामाला लागल्या.